शिळं कुणाच्या ताटात?

पत्र: ताई, नमस्कार. लग्नाला चार वर्षं झाली, आम्ही दोघंच असतो ठाण्यात घोडबंदरला, दोघंही नोकरी करतो. मी निफाडकडची, घरी शेती, रात्रीची भाकरी सकाळी दह्यात कुस्करून खाऊनच मोठी झाले. नवरा डोंबिवलीचा, त्यांच्याकडे दोन्ही वेळा ताजं. तो उरलेलं खात नाही. म्हणजे फ्रीज उघडतो, चार डबे दिसतात, तरी "खायला काही नाहीये" म्हणतो आणि मोबाईल काढून बिर्याणी मागवतो. मग ते चार डबे मी एकटी संपवते, टिफिनला, रात्री, कधी कधी दोन्ही वेळा. मी काही बोलले की म्हणतो तू पण टाक ना, कोण सांगतंय खायला. त्याचं म्हणणं शिळं तामसी असतं, गीतेतच सांगितलंय. पण रविवारचं मटण सोमवारी मात्र चाटूनपुसून खातो. आणि परवा तर कहरच झाला. टिफिनसाठी मी कोथिंबीर वडीच्या आठ वड्या ठेवल्या होत्या, त्या रात्री एक वाजता मॅच बघताना त्याने तळून खाल्ल्या, सकाळी बघते तर डबा रिकामा, आणि तोही झाकण लावून परत फ्रीजमध्ये. मी रडले. तर "वडीसाठी रडतेस?" म्हणाला. माझी आई म्हणते अन्न टाकू नये, सासूबाई म्हणतात त्याला शिळ्याची सवय नाही, तूच थोडं ताजं करत जा. ताई, मी चिकट आहे का?
— घोडबंदरची एक वाचक

उत्तर: अगं, नाहीयेस चिकट. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तू धास्तीने वाचणार नाहीस. आणि वडीसाठी रडलीस त्यात काही चुकलं नाही. कोथिंबीर निवडायची, धुवायची, चिरायची, पीठ भिजवायचं, उंडे वाफवायचे, गार झाले की कापायचे, आणि हे सगळं नोकरीवरून आल्यावर. त्यातल्या आठ वड्या बाजूला ठेवल्यास म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळची पंधरा-वीस मिनिटं तू स्वतःसाठी वाचवून ठेवली होतीस, ती गेली. मला तर तो रिकामा डबाच जास्त लागला बघ. सकाळी घाईत हात घालावा आणि डबा हलका लागावा, त्या क्षणाला पोटात कसं होतं ते मला चांगलं माहितीये.

पण तुझ्या पत्रात दोन भांडणं एकात एक अडकलीयेत, ती आधी सोडवून घेऊ. एक म्हणजे तो उरलेलं खात नाही. दुसरं म्हणजे तू ठेवलेलं तो न विचारता खातो. तुला दोन्ही एकच वाटतायत कारण दोन्हीचा भार तुझ्यावर येतो, नको ते सगळं तुझ्याकडे आणि हवं ते पण तुझ्याकडून. पण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

वडीचं सोपं आहे म्हणून ते आधी. त्याला माहीत नव्हतं ती टिफिनची आहे, असं धरून चाल, कारण बहुतेक वेळा खरंच माहीत नसतं. ज्याने डबा भरलेला नसतो त्याला फ्रीजमधलं सगळं "घरातलं" दिसतं, आणि भरणारीला त्यातला प्रत्येक डबा कधीचा, कशासाठी, किती, सगळं पाठ असतं. तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातून कागदी मास्किंग टेपचं एक रीळ आण, एक पेन फ्रीजच्या वर ठेवून दे, डबा आत गेला की त्यावर तारीख आणि टिफिनचा असेल तर "टिफिन". एवढं लिहिल्यावर पण त्याने खाल्लं तर मग ते न कळणं नाही, ती दादागिरी झाली, आणि त्या दिवशी तू भांड, मी तुझ्या बाजूने आहे. अजून एक, ज्याने डबा रिकामा केला त्याने तो घासायला टाकायचा. हे मी नियम म्हणून सांगतेय, सूचना म्हणून नाही.

आता मोठं भांडण. तू लिहिलंयस रविवारचं मटण सोमवारी चाटूनपुसून खातो. मी त्या वाक्यावर बराच वेळ थांबले, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे. आपल्या भाषेत बघ, आदल्या दिवशीचं मटण "मुरलेलं" असतं, कटाची आमटी दुसऱ्या दिवशी "मुरते", लोणचं मुरतं, होळीची पुरणपोळी धुळवडीला दुधाबरोबर जास्त छान लागते असं आपणच कौतुकाने म्हणतो. गोव्यात तर कालच्या माशाच्या कढीला नावच आहे, काल्ची कडी, रात्रीची कढी सकाळी आटवून घट्ट करून पावाबरोबर खातात आणि तिच्यासाठी लोक जीव टाकतात. श्रावणात शीतळा सप्तमीला चूलच पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं, म्हणजे शिळं खाण्याचा एक सण पण आहे आपल्याकडे. आणि त्याच फ्रीजमधली, त्याच वयाची दुधीची भाजी मात्र "शिळी". एकाच रात्रीच्या दोन डब्यांना दोन नावं. म्हणजे त्याला कालचं चालत नाही असं काही नाहीये गं, त्याला कालची दुधी चालत नाही. हे त्याला टोमणा म्हणून ऐकवू नकोस, पण तू स्वतः हे नीट समजून घे, कारण चार वर्षं तू असं धरून चाललीयेस की त्याच्यात काहीतरी न बदलणारं आहे, संस्कार आहेत, सवय आहे, पोट नाजूक आहे. मटणाच्या वाटीने ते सगळं खोटं ठरवलंय.

गीतेचं म्हणशील तर सतराव्या अध्यायात तो श्लोक आहे, त्यात "पर्युषित" म्हणजे रात्र उलटलेलं अन्न तामसी लोकांना आवडतं असं म्हटलंय, तुझा नवरा खोटं बोलत नाहीये. पण त्याच ओळीत आधी "यातयाम" हा शब्द आहे, शिजवून एक प्रहर होऊन गेलेलं असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात, आणि प्रहर तीन तासांचा. सकाळी सातला केलेला टिफिन तो ऑफिसात एक वाजता उघडतो तेव्हा दोन प्रहर झालेले असतात. मी धर्माची थट्टा करत नाहीये, माझ्या घरी रोज देवाला नैवेद्य असतो आणि तो ताज्याचाच असतो. माझं म्हणणं एवढंच की नियम पाळायचा तर घरातल्या दोन्ही माणसांसाठी पाळायचा. जे अन्न त्याच्या ताटात तामसी, ते तुझ्या ताटात गेल्यावर चांगलं कसं होतं? हा प्रश्न त्याला शांतपणे विचार. मला वाटतं त्याने आजवर हा विचार केलाच नसेल, कारण तुझ्या ताटात काय आहे तिकडे त्याने नीट बघितलेलंच नाही.

आता थोडं त्याच्या बाजूनेही बोलते, कारण तू पण पूर्ण बरोबर नाहीयेस असं मला वाटतंय. चार डबे एका वेळी फ्रीजमध्ये, दोन माणसांच्या घरात, म्हणजे त्यातला एखादा चौथ्या-पाचव्या दिवसातला असणार. मी चुकत असेन तर सोडून दे. पण आपल्या आयांकडून आलेलं "टाकू नये" आपण फ्रीज आल्यावर पार ताणलं. आमच्या मिरजेच्या घरी जाळीचं कपाट होतं, त्याच्या चार पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या, आत दुधाचं पातेलं आणि रात्रीचं काय उरलंसुरलं ते. ते सकाळी खायचं नाहीतर दुपारपर्यंत त्याला वास यायचा, तिसरा दिवस नावाचा प्रकारच नव्हता. फ्रीजमध्ये वास उशिरा येतो म्हणून आपल्याला वाटतं अजून चांगलंय, आणि सगळं बिघडलेलं वासाने कळतंच असं नाही. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, त्याच्यापुढे नाही, आणि फ्रीज पण साधारण ४ अंशांवर पाहिजे, दारं उघडी टाकून गप्पा मारल्यासारखा नाही. नारळाचं वाटण घातलेलं असेल तर मी तर दुसऱ्या दिवशीच संपवते.

आणि भाताचं जरा जास्त सांगते कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते यात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात, आपण सगळ्यांनी केलंय. पण तांदळात बॅसिलस सेरियस म्हणून एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत, भात गरम हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यातलं एक विष असं असतं की परत कितीही गरम करा, जात नाही. मग उलट्या होतात आणि आपण म्हणतो बाहेरचं खाल्लेलं बाधलं. म्हणून भात, आणि खरं तर सगळंच, जेवणं झाली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, ठाण्याच्या मे महिन्यात तासाभरातच. मोठ्या पातेल्यात तसाच ढकलू नको, पसरट डब्यात काढ, लवकर गार होतो. एवढं केलं की सकाळचा फोडणीचा भात निर्धास्त खा, कढईत खमंग परत, वर दाणे, लिंबू. आणि परवाची आमटी असेल तर नुसती कोमट नको, खदखदून उकळी आली पाहिजे.

हे सगळं तुला सांगितलं कारण हे त्याच्याकडून टोमण्यासारखं आलं असतं तर तू ऐकलं नसतंस. आणि दुसरं म्हणजे, डब्यावर तारीख दिसली की त्याची "किती दिवसांचंय काय माहीत" ही पळवाट पण बंद होते.

आता माझ्या घरचं एक सांगते. मी लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा घरात आठ माणसं. पोळ्यांचा मोठा डबा, सकाळच्या चार-पाच उरायच्या, संध्याकाळी मी गरम पोळ्या करून त्यावर रचायचे, म्हणजे वरच्या ताज्या सगळ्यांना जायच्या आणि सगळ्यात शेवटी मी बसायचे तेव्हा तळाच्या त्या गार, कडा वाळलेल्या राहायच्या. मला कुणी असं करायला सांगितलं नव्हतं हं. माझ्या आईने तसंच केलेलं मी बघितलं होतं, मी तसंच केलं, वर कुणी विचारलं तर "मला गारच आवडते" म्हणायचे. वर्षभर चाललं असेल. मग एक दिवस सासरे जेवायला बसले, मी डबा पुढे केला, त्यांनी वरच्या पोळ्या हाताने उचलून बाजूला केल्या, खालून एक ओढली आणि म्हणाले, "मला ही दे, गरम तू घे एक." मी नको नको करत होते, सासूबाई बघत होत्या, ते काही बोलले नाहीत, तीच पोळी आमटीत बुडवून जेवले. दुसऱ्या दिवशीपासून सासूबाईंनीच उरलेल्या पोळ्या मोजायला आणि वाटायला सुरुवात केली, अर्धी अर्धी का होईना प्रत्येकाला, नाहीतर सकाळी सगळ्यांनाच फोडणीची पोळी. आणि तुला खरं सांगते, महिन्याभरात पोळ्या उरायच्याच कमी झाल्या. कारण आता प्रत्येकजण आधीच सांगायला लागला, मला दोनच कर, मी बाहेर जेवणारे. जोवर उरलेलं माझ्या एकटीच्या पोटात जात होतं तोवर किती उरतंय याची कुणाला काही पडलेलीच नव्हती.

म्हणून "तू पण टाक ना, कोण सांगतंय खायला" हे त्याचं वाक्य मला लागलं. कुणीच सांगत नसतं गं. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. तू खातेस म्हणून त्याला बिनधास्त बिर्याणी मागवता येते, त्याचं मन खात नाही कारण अन्न वाया जात नाहीये ना, तू आहेस. तू उद्या खायचं थांबवलंस आणि त्याला आठवड्याचे सहा-सात डबे स्वतःच्या हाताने कचऱ्यात पालथे करावे लागले तर बघ काय वाटतं ते. हा प्रयोग म्हणून सुचवत नाहीये, अन्न फेकायला मी कुणाला सांगणार नाही. पण टाकायची वेळ आलीच, तर ते काम त्याचं. "टाक ना" म्हणणाऱ्याने टाकावं, डबाही घासावा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४चा अहवाल आहे, त्यात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय, सालं-देठं-हाडं धरून. तुमच्या दोघांचे ११० किलो झाले, म्हणजे रोजचं ३०० ग्रॅम. रोज एक मोठी वाटी भाजी आणि दोन-तीन पोळ्या समज. घरं घरं करत मोजलं की हे किती होत असेल. तुझ्या आईचं म्हणणं जुन्या काळातलं नाहीये, आजही तेवढंच खरं आहे. पण ते पाळायचं काम एकट्या सुनेचं आहे असं कुठेच लिहिलेलं नाही.

सासूबाईंबद्दल. त्या म्हणतात त्याला शिळ्याची सवय नाही. मान्य. पण मला राहून राहून एक प्रश्न पडतोय, त्यांच्याकडे दोन्ही वेळा ताजं व्हायचं तर सकाळचं उरलेलं कुठे जायचं? डोंबिवलीतलं घर, नवरा लोकलने कामावर, मुलगा शाळेत, दुपारी घरी एकट्या त्याच. रोज मोजून-मापून काहीच उरत नव्हतं असं होत नाही गं, कुणाच्याच घरी होत नाही. हे तू विचारू नकोस, सुनेने विचारलं की त्याचा वेगळाच अर्थ होतो. त्याला विचारू दे. पुढच्या वेळी जाल तेव्हा किंवा फोनवर, साधं, "आई, आपल्याकडे उरलेलं तू काय करायचीस गं?" एवढंच. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही, पण ते उत्तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं, तुझ्याकडून नाही.

व्यवहाराचं आता पटकन. तुम्ही दोघं आहात पण तुझा हात अजून निफाडच्या वाड्यातला असणार, कणिक घेताना मूठ सुटते. तांदूळ, डाळ, कणिक सगळ्याला एक ठरलेली वाटी कर आणि पंधरा दिवस बघ काय उरतंय, मग त्या हिशेबाने कमी कर. पालेभाजी कधीच दुसऱ्या वेळेसाठी करू नको, तिला काही राम राहत नाही, तिथे तो नाक मुरडतो ते मलाही पटतं. उसळी, आमटी, रस्सा, छोले हे दोन वेळचे करायला हरकत नाही, ते मुरतात. उरलेलं तसंच्या तसं परत वाढलं की कुणालाही कंटाळा येतो, भाजी-वरण थालीपिठाच्या पिठात ढकल, पोळी फोडणीची कर, पण हे "कर" मी तुला एकटीला म्हणत नाहीये. फोडणीची पोळी करायला काय लागतं, पोळ्या कुस्करायच्या, कांदा, मोहरी, हळद, तिखट. रात्री एकला वड्या तळता येतात म्हणजे गॅस पेटवता येतो, कढई सापडते, तेल सापडतं. त्याला येतं गं सगळं.

आणि बिर्याणी. ती बंद करायला सांगू नकोस, दमून आल्यावर बाहेरचं खावंसं वाटतं, तुलाही वाटत असेल. पण मागवायची तर दोघांसाठी, आणि संध्याकाळी सहाच्या आत एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप, आज घरात काय आहे, काय मागवायचं. तू उसळ खातेयस आणि तो समोर बिर्याणी, हे एका टेबलावर होऊ द्यायचं नाही. एकतर दोघं उसळ, नाहीतर दोघं बिर्याणी आणि उसळ उद्या दोघांच्या टिफिनला.

एक राहिलंच. बऱ्याच घरांत यावर सोपा तोडगा काढतात, "मावशींना देऊन टाकू". तू लिहिलं नाहीयेस पण कुणीतरी सुचवेलच. द्यायचं तर सकाळचं त्याच दुपारी, त्यांना विचारून, स्वच्छ डब्यात, आणि आपण स्वतः जे आत्ता बसून खाऊ तेच. चार दिवस फ्रीजमध्ये फिरलेलं, आपल्या दोघांनाही नको झालेलं त्यांच्या हातात ठेवणं मला अजिबात मान्य नाही. त्यांनाही पोट आहे, घरी पोरंबाळं आहेत.

आता हे सगळं बोलायचं कधी? जेवताना नाही, आणि रिकामा डबा हातात धरून तर मुळीच नाही. रविवारी आठवड्याची भाजी आणाल ना, ती पिशवी ओट्यावर रिकामी करताना बोल. तेव्हा समोर अजून काही शिजलेलं नसतं, शिळं नसतं, ताजं नसतं, नुसत्या भाज्या असतात. त्याच्या हातात भेंडी दे पुसायला. आणि म्हण, गेली चार वर्षं आपल्या घरातलं उरलेलं मी एकटी खातेय, तुला कदाचित दिसलं नसेल, मला आता ते नको झालंय, आपण यातलं किती आणि कधी करायचं ते दोघं मिळून ठरवू, आणि जे उरेल ते दोघांच्या टिफिनमध्ये निम्मं निम्मं. एवढं बोलून थांब. तो गीता काढेल, आई काढेल, वडी काढेल, काढू दे, त्याचं बोलून होऊ दे. मग पुन्हा तेच म्हण, निम्मं निम्मं. आणि सोमवारी सकाळी दोन टिफिन शेजारी शेजारी उघडे ठेव आणि भरायला त्याला सांग.